घरगुती धंद्याची वही

(१९८५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



चाळीस वर्षांनी या हॉलमध्ये उभी आहे आणि पाय तसेच लटपटताहेत. तेव्हा पाठांतर विसरायची भीती होती, आता चष्मा विसरायची आहे. संयोजकांनी मला विषय दिला, "घरगुती व्यवसाय: उत्पन्न आणि कर". मी म्हटलं, अरे, आपल्या तुकडीत एक चार्टर्ड अकाउंटंट आहे, त्याला बोलवा की. तर तो म्हणाला, "मी बोललो तर सगळे झोपतील. तू बोल, मी चुका काढतो." तो समोर पहिल्या बाकावर बसलाय. शाळेत कधी पहिल्या बाकावर बसला नव्हता.

आपले गणिताचे सर आज आलेत. सर, तुम्ही फळ्यावर नफा-तोट्याची उदाहरणं घालायचात. एका व्यापाऱ्याने अमुक रुपयांचे तांदूळ घेतले, तमुकला विकले, तर शेकडा नफा किती? मी ती उदाहरणं शेजारच्या बाकावरून बघून लिहायची. आज कबूल करते. त्याची शिक्षा मला पुढे व्यवस्थित मिळाली.

लग्नानंतर मी सांगलीला आले. सासूबाईंच्या हाताचं मेतकूट आणि काळा मसाला गल्लीत प्रसिद्ध होता. २००९ पासून मी ते विकायला लागले. मग भाजणी, चटण्या, उन्हाळ्यात पापड-कुरडया, दिवाळीत फराळ. घरात कुणी "धंदा" म्हणत नव्हतं. "तिचं आपलं काहीतरी चालू असतं", असं म्हणायचे. मीही तसंच म्हणायची. पैसे यायचे ते पिठाच्या डब्यामागच्या पितळी डब्यात, आणि लागतील तसे तिथूनच निघायचे. धाकट्याची फी, मिरचीवाल्याचे पैसे, भिशी, नणंदेच्या मुलीचा आहेर, सगळं त्याच डब्यातून. एक शंभर पानी वही होती, तिच्यात ऑर्डरी लिहायची. दिलेल्या मालावर काट मारली की हिशेब संपला.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर तळमजल्यावर. नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो, आठवडाभर नातेवाइकांकडे राहिलो. परत आलो तेव्हा काय होतं ते सांगत नाही, ज्यांनी पूर पाहिलाय त्यांना तो वास माहीत आहे. मार्चमध्ये भरलेली मिरची, तयार मसाला, पापडाचे डबे, दळायचं यंत्र, पिशव्यांचं सीलिंग मशीन, डीप फ्रीज, सगळं गेलं. माझ्या अंदाजाने सव्वादोन लाखांच्या आसपास. अंदाजाने म्हणते, कारण ती शंभर पानी वहीही भिजून लगदा झाली होती.

मी एका बँकेत गेले. तीन लाखांचं कर्ज हवं होतं. तिथले साहेब तरुण होते, नम्र होते, पुरात त्यांचंही घर गेलं होतं. त्यांनी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली. मी म्हटलं, माझं उत्पन्न करपात्र नाही, मी कशाला भरू? मग त्यांनी उद्योगाची नोंदणी मागितली. नव्हती. बँकेचं खातं? पगार नवऱ्याचा, खातं दोघांचं, माझे पैसे डब्यात. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा धंदा आहे हे मला दिसतंय. मी स्वतः तुमचं मेतकूट खातो. पण कागदावर तुम्ही गृहिणी आहात."

घरी येऊन मी पाटल्या काढल्या आणि सोनेतारण कर्ज घेतलं.

त्या रात्री मी आपल्या या मित्राला फोन केला. म्हटलं, मागची तीन वर्षं भरून टाक विवरणपत्रं. तो म्हणाला, "अगं, मागच्या दोन वर्षांची मुदत गेली. एकाच वर्षाचं भरता येईल." बरं म्हटलं, पुरात गेलेला माल तरी तोटा म्हणून दाखव. व्यवसायातला तोटा विवरणपत्र मुदतीत भरलं तर पुढची ८ वर्षं नफ्यातून वजा करता येतो, हे त्यानेच मला शिकवलं होतं. तर म्हणाला, "मिरचीची बिलं?" नाहीत. "मशीनचं बिल?" भिजलं. "साठ्याची नोंद?" कसली नोंद! "मग मी दाखवणार नाही." मी दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. तो बरोबर होता, हे आज त्याच्या तोंडावर सांगते.

पण त्याने एक केलं. सोनेतारणाच्या व्याजाच्या पावत्या जपून ठेवायला सांगितल्या. कर्ज दागिन्यांवर असलं तरी पैसा धंद्यात घातलाय ना, मग व्याज हा धंद्याचा खर्च. हे मला नवीन होतं. आणि तिथून मी शिकायला लागले.

आता विषयाकडे वळते. आपल्या ग्रुपवर जेव्हा जेव्हा कराचा विषय निघतो तेव्हा सगळे "वजावट, वजावट" करतात आणि एलआयसीची पावती शोधतात. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. विमा, पीपीएफ, आरोग्य विमा या ८०-क, ८०-ड कलमातल्या वजावटी तुमच्या घरच्या गुंतवणुकीच्या. नव्या करप्रणालीत त्या मिळत नाहीत, आणि आता आपोआप लागू होते ती नवीच प्रणाली. धंद्याचा खर्च ही दुसरी गोष्ट. मिरची, पिशव्या, मदतनीस बाईंची मजुरी, कुरिअर, धंद्याच्या कर्जाचं व्याज, हे नव्या प्रणालीतही नफ्यातून वजा होतं. कारण ती सरकारने दिलेली सवलत नव्हेच, तो नफा काढायचा साधा हिशेब आहे. सर, तुमचीच खरेदी किंमत आणि विक्री किंमत.

नियम एकच लक्षात ठेवा. खर्च केवळ धंद्यासाठी झालेला असला पाहिजे. घरात धंदा म्हटला की इथेच घोटाळा होतो, कारण वीज एक, फोन एक, स्वयंपाकघर एक. मग प्रमाण ठरवायचं. आमचं घर साधारण ९०० चौरस फूट, मसाल्याची खोली १८०. म्हणजे पाचवा हिस्सा. भाड्याचं घर असतं तर भाड्याचा पाचवा हिस्सा खर्चात धरता आला असता. स्वतःच्याच घराचं भाडं स्वतःला लावून खर्च दाखवता येत नाही, हा प्रयत्न मी करून पाहिला. विजेचं मी यंत्रावरून काढते. गॅसचं सगळ्यांत सोपं: घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतोच. १९ किलोचा व्यावसायिक घ्या, त्याचं बिल म्हणजे सगळा धंद्याचा खर्च, वाद नाही.

यंत्राची किंमत एकदम खर्चात जात नाही, दरवर्षी घसारा मिळतो. दळायच्या यंत्रासारख्या मशीनला १५ टक्के, संगणकाला ४० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी निम्मा. आणि रोखीचं सांभाळा. एका व्यापाऱ्याला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च मान्य होत नाही. मार्केट यार्डात हे कुणी सांगत नाही. शेतकऱ्याकडून थेट त्याचा माल घेतला तर याला सूट आहे.

आणखी एक, जे मला मनाला लागलं. मी दिवसाला दहा तास राबते, त्याची मजुरी खर्चात दाखवता येत नाही. मालकाला पगार नसतो. उरेल तो नफा, तोच तुमचा पगार.

हे सगळं ऐकून काहींचे चेहरे पडलेत. त्यांच्यासाठी सोपा रस्ता आहे, अनुमानित उत्पन्नाचा, कलम ४४-एडी. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) तर खर्चाचा तपशील न देता, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरायचा. फॉर्म सुगम, म्हणजे आयटीआर-४. त्यात मग खर्च आणि घसारा वेगळा मागता येत नाही, तो त्या टक्क्यांत आलाच. कमिशन-दलालीच्या कामाला हे लागू नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना वेगळं कलम आहे, तिथे ५० टक्के धरावे लागतात. आणि या रस्त्यावर येऊन मध्येच उतरलात तर पुढची पाच वर्षं परत चढता येत नाही, वर लेखापरीक्षणाची भानगड लागू शकते. येत्या १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा येतोय, त्यात कलमांचे आकडे बदलतील, ही सोय राहते आहे.

आता गंमत ऐका. गेल्या वर्षी माझी उलाढाल ११ लाख ४० हजार झाली, जवळजवळ सगळी यूपीआयने. सहा टक्क्यांनी नफा निघतो ६८,४००. माझा खरा नफा त्याच्या चौपट आहे. मी मित्राला विचारलं, सहाच टक्के दाखवू का? तो म्हणाला, "सहा टक्के म्हणजे किमान. जास्त मिळाला असेल तर जास्त दाखव. आणि तुला कर कुठे लागतोय?" खरंच की! या आर्थिक वर्षासाठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. शेअर विकून आलेल्या नफ्याचा हिशेब वेगळा, ते सोडा. म्हणजे आपल्यातल्या बहुतेक घरगुती धंदेवाल्यांना करच नाही, आणि आपण मात्र आयुष्यभर त्या कराला घाबरून उत्पन्न लपवतो. मी दहा वर्षं लपवलं, कर एक रुपया वाचला नाही, आणि कर्ज तेवढं हातचं गेलं. बँक विवरणपत्रातलाच आकडा बघते. मी आता खरा नफा दाखवते.

मागच्या महिन्यात ग्रुपवर एकाने विचारलं होतं, "बायकोच्या नावावर दाखवू की माझ्या?" भाऊ, जो राबतो त्याच्या नावावर. आणि तू भांडवल बायकोला भेट म्हणून दिलंस तर त्या भांडवलाच्या प्रमाणातला नफा तुझ्याच उत्पन्नात धरतात. कर्जाऊ दे, रीतसर व्याज घे. घरातल्या घरात कसलं व्याज, असं वाटेल, पण ते लिहून ठेव.

जीएसटीचंही घाबरगुंडं फार आहे. गेल्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हापासून माझ्या दोन मैत्रिणींनी क्यूआर कोड काढून ठेवलाय. काढू नका. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. डबे पुरवणं, क्लास घेणं ही सेवा झाली, तिथे मर्यादा २० लाखांची. मात्र करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. म्हणून आपल्या बंगळूरच्या मैत्रिणीला मी पार्सल पाठवत नाही म्हणून ती रुसलीय. बाई, तू सांगलीला ये, पिशवी भरून घेऊन जा.

आता उत्पन्नाचं. वजावटी शिकून मी श्रीमंत झाले नाही. वही लिहायला लागले तेव्हा मला कळलं की मी कशात मरतेय.

२०२० साली या मित्राने मला फोनवर चकलीचा हिशेब मांडायला लावला. मी चकली ३४० रुपये किलो विकत होते आणि खुशीत होते. भाजणी, तेल, लोणी, तीळ मिळून १९५. गॅस १८. मदतनीस बाई किलोला ४५. पिशवी आणि लेबल १२. तुटलेल्या चकल्या, ज्या घरात खाल्ल्या जातात, १५. घरपोच द्यायची रिक्षा ३०. बेरीज ३१५. किलोमागे उरले २५ रुपये. दिवाळीत १६० किलो केल्या होत्या. अठरा दिवस शेगडीसमोर उभी राहून मी ४,००० रुपये कमावले होते. माझ्या मदतनीस बाईंनी त्याच चकलीतून ७,२०० नेले होते. त्यांना कमी द्यावेत असं मी म्हणत नाही, त्यांचा हात माझ्यापेक्षा सरस आहे. पण सर, शेकडा नफा किती?

मेतकुटाचा हिशेब मांडला तर उलटंच. टिकतं, हलकं, तुटत नाही, तळायचं नाही, कुरिअरने जातं. मग मी चकली जवळजवळ बंद केली आणि चकलीची भाजणी विकायला लागले. लोकांनी घरी करावी. पुण्या-मुंबईतल्या सुनांना भाजणीच हवी असते, करायची हौस असते, भाजायला वेळ नसतो. पाकिटाच्या मागे कृती छापली. मेमध्ये पापड-कुरडयांचे वर्ग घेते, तेही आता उत्पन्नात धरते. एका मोठ्या दुकानाला माल देत होते, ते चार-चार महिने पैसे द्यायचे नाहीत. बंद केलं. नंतर कळलं की उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि मुदतीत दिले नाहीत तर त्या दुकानाला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. आधी माहीत असतं तर एक पत्र तरी लिहिलं असतं.

ती उद्यम नोंदणी फुकट आहे, आधारवर ऑनलाइन होते, कुणाला पाचशे-हजार देऊ नका. खाद्यपदार्थ असतील तर अन्न सुरक्षेची नोंदणी करा. १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत वर्षाला १०० रुपये फी. माझी उलाढाल आता त्या रेषेला टेकलीय, पुढच्या वर्षी परवाना घ्यावा लागेल. यंत्र घ्यायचं असेल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. मुद्रा कर्ज आहे, त्यातलं शिशु ५०,००० पर्यंतचं. यांतलं काहीही मागायला गेलात की पहिला प्रश्न तोच येतो, कागद कुठे आहेत?

माझी पद्धत साधी आहे. धंद्याचं खातं वेगळं, त्यात घरचा एक रुपया नाही. पितळी डबा रिकामा केला, आता त्यात लवंगा असतात. रोज रात्री दहा मिनिटं वही, आणि प्रत्येक बिलाचा फोनवर फोटो, कारण थर्मल कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते. घरखर्चाला पैसे हवे असतील तर त्या खात्यातून महिन्याच्या एका तारखेला एकच रक्कम काढते. नवरा म्हणतो, तुझा पगार झाला. मी म्हणते, पगार नव्हे, मालकाची उचल.

२०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या वेळी साठा दोन दिवस आधी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेला होता. यंत्र जड, ते राहिलं. पण साठ्याचा आणि यंत्राचा विमा होता, पूर त्यात धरलेला होता, आणि त्याचा हप्ता धंद्याच्या खर्चात गेला होता. घराच्या विम्यात धंद्याचा माल येत नाही, हे विचारून घ्या. यंत्राचं बिल फोनवर होतं, साठ्याची नोंद होती, पाणी ओसरल्यावर काढलेले फोटो होते. नुकसान साठ हजारांचं, तीन महिन्यांनी ४१,००० मिळाले. त्याच वर्षी त्याच बँकेत गेले. साहेब बदलले होते. दोन वर्षांची विवरणपत्रं, उद्यमचा कागद आणि खात्याचा उतारा टेबलावर ठेवला. त्यांनी फॉर्म भरायला घेतला, व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबून विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, "उत्पादक लिहा." पाटल्या पुढच्या दिवाळीआधी सोडवल्या.

वेळ झाली, बाई घड्याळाकडे बघताहेत, शाळेतही अशाच बघायच्या. जेवणानंतर आम्ही दोघं जुन्या आठवी-ब च्या वर्गात बसणार आहोत. ज्यांच्या घरी कुणाचं "आपलं काहीतरी चालू असतं" त्यांनी या. शिकवण्या, शिलाई, केक, नर्सरीची रोपं, काहीही चालेल. गेल्या वर्षाचं पासबुक आणि पॅन कार्ड बरोबर असेल तर उत्तम. फी नाही. हा लग्नात जेवायला येतो तेव्हाही बिल मागतो, पण आज मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. मेतकुटाची पाकिटं दारात टेबलावर आहेत, क्यूआर कोड लावलेला आहे, रोख घेणार नाही.